यंदा वह्यांबरोबर प्रोफाइलही: मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना खुले पत्र

प्रति,
संगमेश्वर तालुक्यातील गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांचे मुंबईतील पदाधिकारी व सभासद यांस



जून लागला की मंडळांची धावपळ सुरू होते. गावच्या शाळेतून पटाची यादी मागवायची, घाऊक बाजारात फिरून वह्यांचा भाव काढायचा, दहावी-बारावीच्या गुणगौरवासाठी हॉल बघायचा, वर्गणीची पावती पुस्तके वाडीवार वाटायची. माखजन, फुणगूस, कडवई, साखरपा, आंगवली अशा कितीतरी गावांतली मुले या वह्यांवर शिकली. त्यातली काही आज मंडळाच्या कार्यकारिणीत बसतात.

मंडळाचा हात मुलाच्या पाठीवर असतो तो बहुतेक वेळा बारावीच्या निकालापर्यंतच. त्यानंतर आयटीआय झालेला मुलगा, बीकॉम झालेली मुलगी, आंबवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेला पदवीधर, हे सगळे आपापल्या नशिबाने नोकरी शोधायला लागतात. बायोडाटाच्या झेरॉक्स पिशवीत घालून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतात. ज्याच्याकडे ती झेरॉक्स जाते तो एचआरवाला आधी संगणकावर त्या मुलाचे नाव टाकून बघतो. तिथे त्याला अर्धवट भरलेले एक पान दिसते: फोटोच्या जागी राखाडी वर्तुळ, कामाच्या जागी ‘फ्रेशर’. ते पान नीट व्हावे आणि त्यात मंडळांनी हात घालावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

नोकरी लावून देणे हे मंडळांना नवीन नाही. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. त्याआधीचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवणारा मुलूख. १९२१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांहून अधिक माणसे मुंबईत राहत होती. गिरणीच्या खात्यात माणूस घ्यायचा की नाही, हे जॉबर ठरवायचा. तो आधी आपल्या गावचा, आपल्या भावकीतला माणूस आत घ्यायचा आणि बदल्यात दस्तुरी, म्हणजे आपली लाच, घ्यायचा. बायकांच्या खात्यात हेच नायकिणीच्या हातात असे. नोकरी हवी असेल तर कोणीतरी जॉबरच्या कानावर नाव घालावे लागे, आणि ते नाव घालणारा बहुधा गावच्या खोलीतलाच कोणी असे.

या कारभारावर १९३१ साली शाही मजूर आयोगाने आपल्या अहवालात कडक टीका केली. १९३५मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक बदली (गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्या) कामगारांना कार्ड द्यायचे, कार्डवाल्याने रोज हजेरी लावायची आणि रिकामी जागा आधी त्याला द्यायची, अशी ती व्यवस्था. जॉबरच्या तोंडी शब्दाच्या जोडीला त्या योजनेने एक कागद आला. त्यावर कामगाराची नोंद होती आणि ती नोंद निदान नियमाने तरी जॉबरच्या मर्जीबाहेरची होती.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव विस्कटला. ‘आमच्या कंपनीत जागा निघालीय, पोराला पाठवून द्या’ हा फोन मात्र चालूच राहिला. दरम्यान बाजार पुढे सरकला. नोकरी डॉट कॉम १९९७मध्ये सुरू झाले, लिंक्डइन २००३मध्ये. कारखान्यातल्या आणि दुकानातल्या नोकऱ्यांसाठी ‘अपना’सारखे ॲप २०१९मध्ये आले. आता काकांनी साहेबाच्या कानावर नाव घातले, तरी साहेब म्हणतो, ‘त्याचे प्रोफाइल पाठवा.’

ओळखीचे दिवस संपले, असा याचा अर्थ मुळीच नाही. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निबंध लिहिला. माणसाला नव्या नोकरीची बातमी अगदी जवळच्यांपेक्षा लांबच्या, अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीतून जास्त मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. कारण उघड आहे. घरातल्या माणसाला जे ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊक असतेच.

पुढे हे म्हणणे लिंक्डइनवर तपासले गेले. दोन कोटींच्या आसपास लोक आणि पाच वर्षांचा काळ असा हा पसारा होता. ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ ही यादी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी दाखवून कोणाला नोकरी लागते, ते पाहिले गेले. सप्टेंबर २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा निष्कर्ष आला. सगळ्यात घट्ट ओळखी सगळ्यात कमी उपयोगी ठरल्या. अगदीच पुसट ओळखींचाही मोठा उपयोग झाला नाही. सर्वाधिक फायदा झाला तो मधल्या ओळखींचा, जिथे दोघांचे साधारण दहाएक परिचित सामाईक होते.

ग्रामस्थ मंडळ हीच ती मधली ओळख. खालच्या वाडीतला कोणी ऐरोलीत नोकरीला आहे, वरच्या वाडीतली कोणी अंधेरीच्या रुग्णालयात परिचारिका आहे. दोघांची भेट वर्षातून दोनदा, शिमग्याला पालखीपाशी आणि गणपतीत. एकमेकांचे फोन नंबर आहेत, घरे माहीत आहेत, पण नेमके काम काय करतात ते ठाऊक नाही. याच अभ्यासाची दुसरी बाजूही मंडळांनी ध्यानात घ्यावी. ज्या उद्योगांत संगणकी कामकाज कमी, तिथे घट्ट ओळखीच जास्त कामी आल्या. म्हणजे फिटर किंवा वेल्डरसाठी मामाचा फोन अजूनही लागतो. हिशेबनीस, डिझाइनर, संगणकवाले यांना मधल्या ओळखी लागतात. मंडळाकडे दोन्ही आहेत.

आता प्रोफाइलकडे. समजा, आरवलीकडचा एक मुलगा आहे. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स झालेला. त्याच्या लिंक्डइनच्या पानावर नावाखाली एक ओळ आहे: ‘सीकिंग अ चॅलेंजिंग पोझिशन इन अ रेप्युटेड ऑर्गनायझेशन’. ही ओळ महाराष्ट्रातल्या हजारो बायोडाटांवर जशीच्या तशी सापडते. तिच्यात इलेक्ट्रिशियन हा शब्दच नाही. लोट्याच्या रासायनिक कारखान्यातला माणूस इलेक्ट्रिशियन शोधायला बसला, तर हा मुलगा त्याला दिसणार कसा?

त्या मुलाशी दहा मिनिटे बोलले की भलतेच काही बाहेर येते. दोन्ही उन्हाळ्यांत तो एका रिवाइंडिंगच्या दुकानात बसला आहे. विहिरीवरचे एक ते पाच एचपीचे पंप त्याने खोलले आहेत. जळालेली कॉइल काढायची, तारेचा गेज मोजायचा, वेढे मोजून नवी वाइंडिंग भरायची, व्हार्निश मारून वाळवायची आणि शेवटी मेगर लावून इन्सुलेशन बघायचे, हे सगळे तो सलग सांगतो. मग हे बायोडाटात का नाही? ‘ते काय, दुकानातले काम. पगारपत्रक कुठाय?’

खरी अडचण इथे आहे. आपल्या मुलांना केलेले काम ‘अनुभव’ वाटत नाही. अनुभव म्हणजे नेमणूकपत्र, शिक्का आणि सही, असे त्यांच्या मनात बसले आहे. बचत गटाची वही चार वर्षे लिहिणारी मुलगी सभासदांचे कर्ज, व्याज आणि बँकेचा हप्ता पै-पैचा जुळवते, पण प्रोफाइलवर ‘नो एक्स्पिरियन्स’ लिहिते. नमनाच्या प्रयोगाला रात्रभर लाइट आणि साउंड सांभाळणारा मुलगा मिक्सर, केबल, जनरेटर सगळे जाणतो आणि लिहितो काय, तर ‘हॉबी: ट्रॅव्हलिंग, लिसनिंग म्युझिक’.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतल्या मुलांचेही तेच. २०२४मध्ये आलेल्या या योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन होते. सहा महिन्यांची मुदत पुढे वाढवून अकरा महिने झाली. या काळात मुलांनी कार्यालयांत प्रत्यक्ष काम केले: नोंदी भरल्या, दाखल्यांचे अर्ज तपासले, एक्सेलमध्ये याद्या केल्या. सहा महिने असोत की अकरा, तो लिहिण्याजोगा अनुभव आहे. पदाच्या जागी ‘प्रशिक्षणार्थी’ असे प्रामाणिकपणे लिहावे आणि खाली रोज काय केले ते मांडावे.

त्या इलेक्ट्रिशियन मुलाची ओळ मग अशी होते: ‘इलेक्ट्रिशियन (आयटीआय) | मोटर रिवाइंडिंग, स्टार्टर पॅनेल, घरगुती व औद्योगिक वायरिंग | लोटे, रत्नागिरी, नवी मुंबई येथे रुजू होण्यास तयार’. लिंक्डइन या ओळीसाठी २२० अक्षरे देते, त्यात हे सहज बसते. प्रत्यक्ष पानावर ती इंग्रजीत असावी, कारण कंपन्या शोधताना इंग्रजी शब्द टाकतात. शब्दही जाहिरातीतलेच घ्यावेत. चार-पाच कंपन्यांच्या जाहिराती समोर ठेवाव्यात. त्यात पुन्हा पुन्हा येणारे जे शब्द मुलाला खरोखर लागू पडतात, ते त्याच्या पानावर यावेत. लोट्यातल्या जाहिरातीत ‘ईटीपी ऑपरेटर’ किंवा ‘बॉयलर अटेंडंट’ असते. रत्नागिरीच्या मासळी प्रक्रिया उद्योगात ‘एचएसीसीपी’ माहीत असलेला माणूस लागतो. जयगडच्या वीजप्रकल्पाचे आणि बंदराचे शब्द आणखी वेगळे. गावचा मुलगा हे काम करू शकत असेल, पण त्याच्या पानावर तो शब्दच नसेल, तर शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

त्या ओळीखाली ‘अबाउट’ नावाचा रकाना असतो. त्यात २,६०० अक्षरे मावतात, पण आठ-दहा ओळी पुरतात. मी कोणते काम करतो, कोणती यंत्रे आणि साधने हाताळली, किती काळ, कोणाच्या हाताखाली, आणि आता काय हवे आहे. ‘हार्डवर्किंग’, ‘सिन्सियर’, ‘टीम प्लेअर’ हे शब्द गाळले तर काही बिघडत नाही. आजकाल एआयकडून हा मजकूर लिहून घेतात. भाषा दुरुस्त करायला त्याचा जरूर उपयोग करावा, पण आधी मुलाने चार गोष्टी स्वतः मराठीत सांगितलेल्या असाव्यात. नाहीतर दहा मुलांच्या पानांवर एकच ‘रिझल्ट-ओरिएंटेड प्रोफेशनल’ अवतरतो आणि वाचणारा पहिल्या दोन शब्दांत ते ओळखतो.

नावाकडेही जरा बारकाईने पाहावे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव येते. आधारवर नाव आधी. मुलगा फेसबुकवर टोपणनावाने आणि ईमेलमध्ये ‘रॉकस्टार’ जोडून. लग्न झालेल्या मुलीची पदवी माहेरच्या नावाने आणि पॅनकार्ड सासरच्या. कंपनीने कागद पडताळायला घेतले की ही गाडी अडकते. नोकरीच्या प्रत्येक पानावर एकच नाव, एकाच स्पेलिंगने असावे आणि ते शक्यतो आधार-पॅनवरचेच. दुसरे नाव असेल तर लिंक्डइनवर पूर्वीच्या नावासाठी वेगळा रकाना आहे. ईमेल नाव-आडनावाचा साधा घ्यावा. फोटो लग्नातल्या घोळक्यातून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याचा हात असलेला नको. अंगणात सावलीत, स्वच्छ भिंतीपुढे मोबाइलवर काढलेला चालतो.

गावाच्या नावाचाही एक घोळ आहे. मुलगा ठिकाण म्हणून फक्त संगमेश्वर टाकतो. नवी मुंबईतली कंपनी ‘ठाणे, नवी मुंबई’ अशी चाळणी लावते आणि तो बाहेर पडतो. गाव लपवायचे कारण नाही. राहण्याचे ठिकाण खरे लिहावे आणि ‘कुठे काम करायला तयार’ या वेगळ्या रकान्यात मुंबई, नवी मुंबई, पुणे, रत्नागिरी, लोटे हे सगळे टाकावे. लिंक्डइनच्या ‘ओपन टू वर्क’मध्ये आणि नोकरी डॉट कॉमवर हा रकाना असतो. आधीच नोकरीत असलेल्याने ‘ओपन टू वर्क’ सर्वांना न दाखवता फक्त भरती करणाऱ्यांना दाखवण्याचा पर्याय निवडावा. आपल्याच कंपनीतल्या कोणाला ते अजिबात कळणार नाही, याची हमी मात्र लिंक्डइनही देत नाही.

दाव्याला पुरावा लागतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळतात. आयटीआयचे प्रमाणपत्रही ऑनलाइन पडताळता येते. भारतातल्या सदस्यांना लिंक्डइन डिजिलॉकरमधल्या आधारवरून ओळख पडताळून नावापुढे खूण देते. इलेक्ट्रिशियनने आपण केलेल्या पॅनेलचे दोन फोटो लावावेत, एक आधीचा आणि एक नंतरचा. देवरूखच्या कला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्याने चित्रांचे, मांडणीचे नमुने लावावेत. हिशेबाचे काम करणारीने गटाची वही लावू नये, त्यात इतरांची खासगी माहिती असते. टॅलीत कोणत्या नोंदी करता येतात ते लिहावे.

खोटे लिहू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. सहा महिन्यांची नोकरी दीड वर्षाची करून लिहिली जाते. पीएफच्या खात्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. यूएएन क्रमांक २०१४पासून माणसाबरोबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जातो आणि नवी कंपनी पडताळणीत त्या तारखा तपासू शकते. मध्ये वडील आजारी होते, आंब्याचा हंगाम होता, परीक्षेची तयारी चालू होती, म्हणून खंड पडला असेल तर एका ओळीत तसे लिहावे.

इथून पुढचे काम मुलाला एकट्याला जमणारे नाही. ते मंडळाचे आहे.

लिंक्डइनवर शिफारस लिहिण्याची सोय आहे. ओळखीच्या जोडणीतला माणूस ती लिहितो आणि ज्याच्यासाठी लिहिली त्याने मान्य केल्यावर ती पानावर दिसते. मंडळांच्या लेटरहेडवरची शिफारस सर्वांच्या परिचयाची आहे: ‘सदर युवक होतकरू, मेहनती व सुस्वभावी असून त्यास योग्य ती संधी द्यावी.’ हे वाचून कोणी कोणाला कामावर घेत नाही. त्याऐवजी त्या इलेक्ट्रिशियन मुलाचे काम पाहिलेले मंडळातले एखादे काका असे लिहू शकतात: ‘मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या दोन पाण्याच्या पंपांचे स्टार्टर पॅनेल त्याने माझ्यासमोर बदलले. प्रत्येक वायरला टॅग लावला आणि जोडणीचा नकाशा काढून वॉचमनकडे ठेवला. पंप पुन्हा बंद पडला नाही.’ तीन वाक्ये, पण त्यात काम दिसते. अट एकच, लिहिणाऱ्याने ते काम डोळ्यांनी पाहिलेले असावे. ज्याचे काम पाहिले नाही त्याच्यासाठी लिहू नये, भले तो सख्ख्या भावाचा मुलगा असो. एकदा पोकळ शिफारस गेली की त्या सभासदाच्या पुढच्या शिफारशीलाही कोणी विचारत नाही.

दुसरे काम म्हणजे मंडळाची सभासद सूची. बहुतेक मंडळांकडे नाव, वाडी, मुंबईतला पत्ता आणि फोन असतो. त्यात सभासदांच्या संमतीने आणखी दोन रकाने वाढवावेत: कोणते काम करतो, कोणत्या क्षेत्रात. कंपनीचे नाव देणे ऐच्छिक. मंडळात तीन जण लॉजिस्टिकमध्ये, दोघी रुग्णालयात, एक जण औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात आहे, हे कळले तरी मुलाला कोणाशी बोलायचे ते समजते. नोकरी मागायला सांगू नये. ‘तुमच्या विभागात नवीन माणूस कोणत्या कामापासून सुरुवात करतो?’ एवढे विचारायला सांगावे. त्या उत्तरातून प्रोफाइलचे निम्मे शब्द मिळतात.

कोणाला कुठे नोंदवायचे, हेही मंडळाने सांगावे. सरसकट लिंक्डइन कामाचे नाही. पदवीधर, अभियंते, लेखा, मनुष्यबळ, डिझाइन यांच्यासाठी लिंक्डइन आणि नोकरी डॉट कॉम. दुकान, गोदाम, डिलिव्हरी, टेलिकॉलिंगसाठी ‘अपना’सारखी ॲप. त्याबरोबरच राज्याचे महास्वयंम आणि केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस या दोन्ही सरकारी संकेतस्थळांवर मोफत नोंदणी करावी. राज्याचे रोजगार मेळावे आणि प्रशिक्षण योजना महास्वयंमशी जोडलेल्या असतात. रत्नागिरीचे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र हे पूर्वीचे सेवायोजन कार्यालय. आजोबांनी तिथे काढलेले कार्ड मागच्या पिढीला आठवत असेल. आताचे कार्ड फोनवर आहे आणि ते स्वतः अद्ययावत ठेवावे लागते. एकदा भरून विसरलेले पान मागे पडते, कारण भरती करणारे अलीकडे वापरात असलेली पाने आधी चाळतात. महिन्यातून एकदा उघडून एखादा नवा शब्द, नवे काम घालायचे, एवढी सवय पुरे.

प्रोफाइल जितके जास्त लोक पाहतात, तितके ते ठगांच्याही नजरेला पडते. संपूर्ण पत्ता, जन्मतारीख, आधार क्रमांक, गुणपत्रिकेचा उघडा फोटो असे काही सार्वजनिक पानावर नको. मुलींनी फोन नंबर लपवून फक्त ईमेल ठेवावा. ‘रेल्वेत लावून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. कोकण रेल्वे असो वा कुठलेही सरकारी खाते, भरतीची जाहिरात त्यांच्याच संकेतस्थळावर बघावी. मुलाखतीसाठी, लॅपटॉपसाठी, ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ म्हणून पैसे मागितले की तिथेच थांबावे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

तालुक्यातून आखातात जाणारे अनेक आहेत. परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना लागतो. तो परवाना केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर क्रमांक टाकून तपासता येतो. त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. थायलंड-म्यानमारकडच्या ‘डेटा एंट्री’च्या नोकऱ्यांबाबत तर फार जपावे. मार्च २०२५मध्ये म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना सरकारने विमानाने परत आणले. त्यातल्या अनेकांना चांगल्या पगाराची नोकरी ऑनलाइनच देऊ केलेली होती.

हे सारे करायला मोठा खर्च लागत नाही. गणपतीत चाकरमानी गावी असतातच. एक दुपार ठरवावी, आरतीआधी तीन तास. जागा ग्रामपंचायतीची किंवा शाळेची, जिथे फोनला रेंज येते अशी. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांना हे आधी तपासावेच लागेल. मंडळातले भरती, सुपरवायझरी, लेखा किंवा संगणकाचे काम करणारे पाच-सहा सभासद बसावेत आणि प्रत्येकाकडे तीनच मुले द्यावीत. मुलांनी येताना आधार, गुणपत्रिका, प्रमाणपत्रे फोनमध्ये आणि केलेल्या कामांची यादी मराठीत कागदावर आणावी. पहिला तास फक्त ऐकण्याचा: काय काम केले, कशाने केले, कोणी पाहिले. दुसऱ्या तासात नावाखालची ओळ, अबाउट आणि अनुभव लिहून घ्यावा. तिसऱ्या तासात फोटो, ठिकाणे, गोपनीयतेची सेटिंग आणि सरकारी संकेतस्थळावरची नोंदणी. पासवर्ड मुलाचाच राहावा. कोणाही कार्यकर्त्याने तो आपल्या वहीत लिहून ठेवू नये, बँकेचा ओटीपी मागू नये.

मुलींसाठी वेगळी वेळ ठेवली आणि बसणाऱ्यांत दोन-तीन नोकरदार स्त्रिया असल्या, तर मुली जास्त येतील. लग्न होऊन मुंबईला गेलेल्या, मूल लहान असताना नोकरी सोडलेल्या सुनांनाही बोलवावे. त्यांच्याकडे पाच-सहा वर्षांचा अनुभव असतो आणि पान शेवटी उघडले ते नोकरी सोडली त्या महिन्यात.

ज्या मंडळांना हे पटेल, त्यांनी पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर तीन ठराव घ्यावेत: सूचीत कामाचे रकाने वाढवणे, गणपतीतली दुपार ठरवणे आणि शिफारस लिहायला तयार असलेल्या सभासदांची नावे नोंदवणे. मग वार्षिक अहवालात, जमाखर्चाच्या पानासमोर, तीन आकडे छापावेत: किती मुलांची प्रोफाइल पूर्ण झाली, किती जणांना मुलाखतीला बोलावणे आले आणि किती जण रुजू झाले. तिसरा आकडा पहिल्या वर्षी लहान असेल, तरी तो छापावा.



संगमेश्वरहून